पाच वर्षांची वॉरंटी आणि उमरेड रस्त्यावरची गिट्टी

२०२३ च्या दसऱ्याला गडद निळ्या रंगाच्या नव्या गाडीची डिलिव्हरी घेताना मी नागपुरातील एका अधिकृत विक्रेत्याकडून २४,५०० रुपये जादा मोजून ‘पेंट प्रोटेक्शन’ नावाचे पॅकेज घेतले. संपूर्ण गाडीवर सिरॅमिक कोटिंग, वर्षातून एकदा त्याचा टॉप-अप आणि या सगळ्यावर पाच वर्षांची वॉरंटी, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतरच्या एकोणीस महिन्यांत बॉनेट आणि पुढचा बंपर मिळून चौदा ठिकाणी रंगाचे टवके उडाले आणि मागच्या डाव्या दारावर एका जागी पोपडा निघाला. या तक्रारी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्यावर, माझ्याकडच्या दोन वॉरंट्यांपैकी (एक या पॅकेजची, दुसरी गाडी बनवणाऱ्या कंपनीची) कोणती कशाला लागू होते, हे मला पहिल्यांदा नीट कळले. हा अभिप्राय त्या पॅकेजविषयी, विक्रेत्याच्या बॉडीशॉपविषयी, म्हणजे पत्रा-रंगकामाच्या विभागाविषयी, आणि शेवटी ज्या लहान कार्यशाळेत काम झाले तिच्याविषयी आहे. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण माझी तक्रार एखाद्या माणसापेक्षा असे पॅकेज ज्या पद्धतीने विकले जाते त्या पद्धतीबद्दल अधिक आहे.

माझे घर मानेवाड्याला आणि काम उमरेडच्या एमआयडीसीत, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस दिघोरीवरून उमरेड रस्त्याने जाणे-येणे होते. या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, गिट्टी आणि चुरी भरलेले टिप्पर असतात, आणि ताडपत्री बांधलेली असली तरी ती मागच्या फाळक्यापर्यंत पोचलेली असतेच असे नाही. पावसाळ्यात खड्डे मुरूम-गिट्टीने बुजवले जातात. पाऊस ओसरला की तीच गिट्टी मोकळी होऊन रस्त्यावर पसरते आणि दिवाळीपर्यंत चाकांखाली खेळत राहते. ट्रकच्या मागच्या जोडचाकांत अडकून सुटलेला खडा उडतो आणि क्षणभर हवेत जवळजवळ स्थिर असल्यासारखा राहतो. त्याच्यावर जाऊन आदळते ती आपली गाडी. म्हणून टवका केवढा पडेल हे खड्याच्या आकाराबरोबरच आपल्या वेगावरही अवलंबून असते. ६० च्या ऐवजी १२० च्या वेगाने तोच खडा लागला तर आघाताची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, आणि माझ्या चौदापैकी सर्वांत खोल टवका नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या एकाच प्रवासातला आहे, हे मला त्या दिवशी ‘टक्’ असा जो आवाज आला त्यावरून नक्की सांगता येते.

ज्याच्यावर हा मारा होतो तो रंग किती जाड असतो, हे बहुतेक ग्राहकांप्रमाणे मलाही ठाऊक नव्हते. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर विजेच्या साहाय्याने बसवला जातो, त्यावर बहुधा प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढे किंवा त्याहून किंचित जास्त. सिरॅमिक कोटिंगचा थर त्यावर फार तर काही मायक्रॉनचा असतो. त्याने पाणी थेंब-थेंब होऊन घसरते, धूळ आणि चिखल सहज धुतला जातो, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगात मुरायला वेळ लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला याचा खरोखरच उपयोग होतो. मात्र अर्ध्या सुपारीएवढा गिट्टीचा तुकडा ८० च्या वेगाने आदळला तर तो थर असून नसून सारखाच.

विक्रीच्या टेबलावर हे कोणी सांगितले नाही. तिथे एका सुट्या बॉनेटवर मार्करने रेघ ओढून ती कापडाने पुसून दाखवण्यात आली, पाणी ओतून थेंब कसे पळतात ते दाखवण्यात आले, आणि मी “रस्त्यावरच्या खड्यांचे काय?” असे विचारल्यावर “सर, पाच वर्षं पेंटची काळजीच सोडा” असे उत्तर मिळाले. त्या उत्तरात ‘हो’ नव्हते, हे आता लक्षात येते. माहितीपत्रकावर खडीच्या रस्त्याने धूळ उडवत जाणाऱ्या गाडीचे छायाचित्र होते, पण छापलेला शब्द ‘ओरखडे’ एवढाच होता आणि त्याच्या आधी ‘बारीक’ असे विशेषणही होते. ज्या शहरात गिट्टीखदान नावाची अख्खी वस्ती आहे, तिथे रंगाच्या संरक्षणाविषयी अर्धा तास बोलणे व्हावे आणि गिट्टीचे नाव ग्राहकालाच काढावे लागावे, याची मला आजही गंमत वाटते.

वॉरंटीची पुस्तिका डिलिव्हरीच्या दिवशी हारतुरे, पेढे आणि किल्ल्यांबरोबर पिशवीत आली. ती आठ पानांची, इंग्रजीत आणि बारीक टायपातली आहे. पहिल्या पाच पानांवर काय मिळेल ते आहे: चमक कमी होणे, रंग उडणे, विष्ठा किंवा चिकामुळे पडणारे डाग. सहाव्या पानावर काय मिळणार नाही त्याची यादी आहे आणि तिच्या दुसऱ्याच ओळीत दगड, खडी आणि रस्त्यावरून उडालेल्या वस्तूंमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. शिवाय विष्ठा ४८ तासांच्या आत धुतलेली असली पाहिजे आणि वार्षिक टॉप-अप ठरलेल्या तारखेच्या मागे-पुढे तीस दिवसांत झालाच पाहिजे, नाहीतर संपूर्ण वॉरंटी रद्द. गाडी बनवणाऱ्या कंपनीची जी मूळ तीन वर्षांची वॉरंटी गाडीबरोबर विनामूल्य मिळते, तिच्यातही दगडाचे टवके वगळलेले आहेत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वॉरंटी ही वस्तू बनवताना राहिलेल्या दोषाची जबाबदारी असते. उमरेड रस्त्यावर कोणाच्या टिप्परमधून काय सांडले, याची जबाबदारी कारखान्याने घ्यावी असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. माझा आक्षेप असा आहे की रंग आपोआप उडणे किंवा त्याचे पोपडे निघणे यांसारखे दोष पहिली तीन वर्षे कंपनीच्या वॉरंटीत आधीच येतात, त्यामुळे २४,५०० रुपयांत मी प्रत्यक्षात विकत घेतली ती चमक, डागांबाबतची काही सोय आणि शेवटच्या दोन वर्षांचे संरक्षण. ज्या एका कारणासाठी मी पैसे मोजले, तेच कारण दोन्ही कागदांत वगळलेले होते.

मे २०२५ मध्ये मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. सल्लागार तरुण होता, अदबीने बोलणारा होता, आणि त्याने गाडीभोवती एक फेरी मारून जॉब कार्डवर एकाच ओळीत लिहून टाकले की सर्व नुकसान दगडाच्या आघाताचे असून वॉरंटीत बसत नाही. बॉनेट आणि बंपरबाबत त्याचे म्हणणे बरोबर होते. पण त्याच ओळीत मागचे दारही गेले, आणि या अभिप्रायातला सर्वांत उपयोगी भाग इथून पुढे आहे.

दगडाचा टवका कसा दिसतो हे एकदा पाहिले की विसरत नाही. मधोमध लहानसा खड्डा असतो, कडा तुटक असतात, बऱ्याचदा तळाशी पत्रा चमकतो किंवा पावसाळा होऊन गेला असेल तर तांबूस ठिपका दिसतो. आणि तो पडतो तो वाऱ्याला सामोऱ्या येणाऱ्या जागी: बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे, काचेच्या वरची छताची पट्टी. दुसरी जागा म्हणजे चाकांच्या मागचा दाराखालचा भाग, कारण तिथे आपलीच चाके खडी फेकतात. माझ्या मागच्या दारावरची जागा खिडकीच्या रबरी बीडिंगच्या खाली, दाराच्या वरच्या भागात होती. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा पोपडा निघाला होता आणि खालचा करडा प्रायमर काचेसारखा गुळगुळीत होता. खड्डा नव्हता, चरा नव्हता. समोरून आलेला दगड पुढचे दार ओलांडून तिथे लागेल कसा, हा प्रश्न मी विचारला तेव्हा सल्लागाराने बॉडीशॉपमधल्या ज्येष्ठ पेंटरना बोलावले.

त्यांचे वय साठीच्या आसपास असावे. त्यांनी आधी बोट फिरवले, मग खिशातून मास्किंग टेपची गुंडाळी काढली, पोपड्याच्या कडेवर दोन इंचांचा तुकडा चिकटवून अंगठ्याने घासून दाबला आणि एका झटक्यात ओढला. टेपबरोबर निळ्या रंगाची नखाएवढी चकती निघून आली. तीच टेप त्यांनी बॉनेटवरच्या एका टवक्याच्या कडेला लावून ओढली. तिथे काहीही निघाले नाही. टेप सल्लागाराच्या हातात देत ते म्हणाले, “भाऊ, हे गोट्याचं काम नाही. इथं कलर बसलाच नाही.” त्यानंतर रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आणले गेले. बाकीच्या गाडीवर ते ११० ते ११८ मायक्रॉन दाखवत होते, दारावरही तेवढेच, याचा अर्थ दार आधी कुठे ठोकून पुन्हा रंगवलेले नव्हते. ही नोंद माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली, कारण बाहेर कुठे रंगकाम केलेला भाग असता तर कंपनीने दावा तिथेच नाकारला असता.

जुने जॉब कार्ड रद्द करून दोन वेगळ्या नोंदी करण्यात आल्या: टवके ग्राहकाच्या खर्चाने, पोपडा वॉरंटीच्या दाव्यात. छायाचित्रे आणि जाडीचे आकडे कंपनीच्या कार्यालयाकडे गेले आणि सतरा दिवसांनी मंजुरी आली. दार पूर्ण रंगवले गेले आणि रंगछटा जुळावी म्हणून शेजारच्या दारावर रंग विरत नेला. काम चांगले आहे. उन्हात तिरपे पाहिले तरी फरक कळत नाही. फक्त आता त्या दारावर यंत्र २२० च्या आसपास आकडा दाखवते, आणि जुनी गाडी विकत घेणारे हल्ली हेच यंत्र घेऊन येतात. म्हणून हे रंगकाम अपघातामुळे झालेले नसून वॉरंटीत झाले आहे, असे विक्रेत्याच्या लेटरहेडवर मी लिहून घेतले. असे पत्र आपणहून कोणी देत नाही, पण मागितल्यावर त्यांनी कुरकुर केली नाही. ज्यांच्या दारावर, छतावर किंवा डिकीवर असा पोपडा निघाला असेल, त्यांनी तो दगडाच्या टवक्यांबरोबर एका ओळीत लिहू देऊ नये आणि त्यावर आधी बाहेरून टच-अपही करून घेऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

राहिले चौदा टवके. बॉनेट आणि बंपर पूर्ण रंगवण्याचा बॉडीशॉपचा अंदाज १२,६०० रुपये होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,८६८. विम्यातून करून घ्या, असा सल्ला मला तिथेच मिळाला. घरी येऊन मी हिशेब मांडला. माझी गाडी १,५०० सीसीच्या आतली असल्याने दर दाव्याला १,००० रुपये सक्तीने माझ्या खिशातून जातात. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी विम्याची जोड, आहे. ते नसते तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला गेला असता. एकत्रित बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात, म्हणजे आणखी १,५७५ रुपये. खरा तोटा मात्र नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. पुढच्या नूतनीकरणाला मला २५ टक्के सूट मिळणार होती. दावा केला असता तर ती शून्यावर आली असती आणि पुन्हा २० पासून चढायला सुरुवात झाली असती. माझ्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर पहिल्या दोन वर्षांचेच हे नुकसान पाच हजारांच्या पुढे जाते. त्यात चौदा टवके एका दिवशी पडलेले नाहीत, आणि सर्व्हेअर त्यांना एकच घटना मानेल की नेहमीच्या वापरातली झीज म्हणून बाजूला काढेल, याची खात्री माझ्या एजंटलाही देता आली नाही. मी दावा केला नाही.

पूर्ण रंगकामही केले नाही. बॉनेटवरचा कारखान्यातला रंग उच्च तापमानाच्या भट्टीत भाजलेला असतो. नऊ ठिपक्यांसाठी तो घासून काढून त्यावर गॅरेजमधला रंग चढवणे मला पटले नाही. नागपुरातल्या सदर भागातील एका लहान कार्यशाळेत, जिथे दोन भाऊ आणि त्यांचा एक मदतनीस एवढीच माणसे आहेत, टवक्यांपुरते टच-अप करून मिळाले. पहिल्या दिवशी मी दुपारी एकला गेलो तर धाकट्या भावाने गाडीला हातसुद्धा लावला नाही. पत्रा एवढा तापलेला असताना थेंब टेकवला की वरून साय धरते आणि आत ओला राहतो, असे सांगून त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावले. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनाजवळच्या पट्टीवरून रंगाचा कोड वाचला, टवके स्पिरिटने पुसले, जिथे तांबूस ठिपका होता तिथे बारीक टोकाने गंज खरवडला आणि पत्रा उघडा होता तिथेच प्रायमरचा थेंब ठेवला. बाटलीतला ब्रश त्याने वापरलाच नाही. टूथपिकच्या टोकावर रंग घेऊन तो टवक्याच्या मधोमध टेकवायचा आणि रंग स्वतः कडेपर्यंत पसरण्याची वाट पाहायची, असे प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, मध्ये वीस-वीस मिनिटे थांबून. क्लिअरचा थेंब शेवटी. चार दिवसांनी पुन्हा बोलावून उंचवटे दोन हजार नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून सपाट केले. या सगळ्याचे त्याने १,८०० रुपये घेतले. हातभर अंतरावरून ठिपके दिसत नाहीत. वाकून पाहिले तर दिसतात, कारण मेटॅलिक रंगातले चमकीचे कण थेंबात कारखान्यातल्यासारखे बसत नाहीत. हे त्याने काम सुरू करण्याआधीच सांगितले होते.

विक्रेत्याला मी पॅकेजबद्दल लेखी तक्रार दिली. उत्तरात दोन मोफत फोम वॉश देऊ केले गेले, ते मी घेतले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय होऊ शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे सगळे मी पाहून ठेवले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोललो. तरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो नाही, कारण माझ्याकडे जे लेखी आहे त्यात त्यांनी खोटे काही लिहिलेले नाही, आणि जे बोलले गेले त्याची नोंद माझ्याकडे नाही. त्या दिवशी “मग हे बिलावर लिहून द्या” एवढे म्हटले असते तर त्या पाच वर्षांचा अर्थ तिथेच उघड झाला असता. पॅकेजला माझ्याकडून पाचपैकी दोन गुण: कोटिंग म्हणून ते चांगले आहे, गाडी आजही सहज धुतली जाते, पण त्याला ‘प्रोटेक्शन’ म्हणू नये. बॉडीशॉपला साडेतीन, आणि त्यातले दोन एकट्या त्या ज्येष्ठ पेंटरचे.

जूनमध्ये सदरच्या त्याच कार्यशाळेत मी बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे यांवर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक फिल्म, लावून घेतली. ती सुमारे २०० मायक्रॉनची, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगापेक्षाही जाड असते आणि खड्याचा आघात स्वतःवर घेते. खर्च ३१,००० रुपये आला. कडेला, बंपरच्या जाळीपाशी, फिल्मची रेघ दिसते आणि तिथे धूळ साचते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने ती काढावी लागते. बारीक ओरखडे उन्हात गाडी उभी राहिली की पुसट होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. या फिल्मलाही पाच वर्षांची वॉरंटी आहे: पिवळी पडणे, तडे, बुडबुडे, कडा सुटणे यांसाठी. दगडाने फाटली तर तिथेही काही मिळत नाही. फरक एवढाच की थोरल्या भावाने हे पैसे घेण्याआधी सांगितले आणि बिलाच्या तळाशी मराठीत स्वतःच्या हाताने लिहून दिले.

आठ महिन्यांत फिल्मवर पाच खुणा पडल्या आहेत. चार वरच्या वर आहेत. पाचवी, बंपरच्या उजव्या कोपऱ्यावरची, उमरेड रस्त्यावरच्या पाचगावच्या अलीकडे एका टिप्परमागून जाताना पडली आणि तिथे फिल्म फाटली आहे. तो तुकडा बदलण्याचे २,२०० रुपये सांगितले आहेत. मी अजून बदललेला नाही, कारण फाटलेली कड उचलून पाहिली तर खालचा निळा रंग शाबूत आहे.